पाठशाळेची भिंत आणि मुलांचे हात
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टने पाठशाळेच्या मोठ्या खोलीतील लांब भिंत चित्रांकित करण्याचे योजिले आहे. हे काम एखाद्या व्यावसायिक चित्रकाराकडे सोपवावे, तयार छापील फलक आणून लावावेत, की पाठशाळेतील मुले आणि चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी मिळून ते करावे, याविषयी विश्वस्तांत मतभेद आहेत, असे मला कळविण्यात आले आहे. निर्णयापूर्वी या विषयावर कोणीतरी चार शब्द बोलावेत, म्हणून आज मला पाचारण केले गेले. मी चित्रकलेचा शिक्षक असल्याने माझा कौल कोठे असणार हे उघड आहे. तेव्हा तटस्थतेचा आव न आणता मी माझी बाजू मांडतो. त्यातील अडचणीही सांगतो, कारण त्या बऱ्याच आहेत.

प्रथम सर्वांत मोठा आक्षेप घेऊ. मुलांचे काम कच्चे दिसेल, आणि पन्नास वर्षांच्या संस्थेला ते शोभणार नाही, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. ते चुकीचे नाही. मुलांचे काम व्यावसायिक कामासारखे सफाईदार दिसणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. परंतु सफाई ही एकट्याच्या हातातूनच येते, ही समजूत मात्र निदान आपल्या पेठेत तरी टिकू नये. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचे एक भांडे पुरे होईपर्यंत ते किती हातांतून जाते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कोणी पत्रा कापतो, कोणी ठोकून त्याला घाट देतो, कोणी जोड लावतो आणि शेवटी मठारणारा त्यावर हातोडीचे ठसे उमटवतो. त्या मठारकामाचे सौंदर्य यंत्राने काढलेल्या एकसारखेपणात नसते. प्रत्येक ठसा वेगळा पडूनही सगळे ठसे एका शिस्तीत बसतात, त्यात ते असते. सामूहिक भित्तिचित्राकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, असे मी सुचवीन.

तांबट आळीचा उल्लेख मी मुद्दाम केला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, सवाई माधवरावांच्या काळी, पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा चालत असे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिच्याशी निगडित होता. या चित्रशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकून पुढे आलेला, आपल्याला नावानिशी माहीत असलेला विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. मोजमाप घेऊन, दगडातील खांब न् खांब पाहून ती काढलेली आहेत. त्याची अनेक रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपून ठेवली आहेत. ज्या वाड्याच्या तटाला लागून आपण रोज जातो-येतो, त्याच्या आत दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी चित्रकलेचा वर्ग भरत होता, ही गोष्ट आपल्या पाठशाळेतील किती मुलांना ठाऊक असेल?

वेल्स १७९५ मध्ये वारला. पुढे १८०३ मध्ये लंडनमध्ये थॉमस डॅनिएल याने वेरूळच्या चित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनिएलचे आहे, गंगारामचे नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा. मला त्याकडे परत यायचे आहे.

विद्यार्थ्यांनी मिळून मोठी चित्रे करण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक विद्यार्थी पुढे नामवंत चित्रकार झाले. लेण्यांतील अंधार, वटवाघळे, काळवंडलेले रंग आणि मापाबरहुकूम प्रत काढण्याची सक्ती, या सगळ्यांतून त्या मुलांचे शिक्षण झाले. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच भस्मसात झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

पहिल्या महायुद्धानंतर त्याच कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग सुरू केला, आणि त्यासाठी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे साहाय्य मिळवले. १९२४ च्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनासाठी या शाळेच्या विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण भारतीय दालन सजवले. पुढे नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या उत्तर भागातील चित्रांचे कामही त्यांना मिळाले आणि ते १९२९ पर्यंत पुरे झाले. ही चित्रे कॅनव्हासवर रंगवून मग भिंतींवर चिकटवण्यात आली. आपल्या भिंतीसाठी ही युक्ती किती उपयोगाची आहे, ते पुढे सांगतो. या वर्गावर बंगालच्या कलावंतांनी टीका पुष्कळ केली, आणि चित्रांची शैली आज मलाही फार भावत नाही. पण वर्गातील मुलांच्या हाती राजधानीतील भिंत देण्याचे धाडस त्या शिक्षकाने केले, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आता आपल्या धर्मपरंपरेकडे वळतो. वेरूळच्या इंद्रसभा लेण्यातील छतावरचे रंगीत आकाशगामी आकार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तमिळनाडूतील सित्तन्नवासल येथील जैन लेण्याच्या छतावर कमळांचे सरोवर आहे. त्यात मासे, पक्षी, हत्ती आणि कमळे खुडणारी माणसे आहेत, आणि अभ्यासक त्याचा संबंध समवसरणाच्या रचनेशी जोडतात. चातुर्मास संपून कार्तिक पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा खुली होते. ज्यांना पालिताण्यास जाता येत नाही ते गावोगावी शत्रुंजयाचा पट जुहारतात. तो पट म्हणजे एका अर्थी भित्तिचित्रच होय, फक्त गुंडाळून ठेवता येणारे. डोंगर, टुंका, पायवाटा आणि चढणारे यात्रेकरू असे सगळे एकाच कापडावर असते. तो पाहणारा पट उभा राहून पाहत नाही, मनाने त्यावरून चालतो.

परंतु आपल्या भिंतीसाठी मला सर्वांत जवळचे वाटते ते श्रवणबेळगोळच्या जैन मठातील एक चित्र. त्या मठाच्या भिंतींवर तीर्थंकरांच्या जीवनातील प्रसंग आहेत, समवसरण आहे, म्हैसूरच्या दसरा दरबाराचा थाट आहे, आणि त्यांतच एक झाड व सहा माणसे आहेत. तो लेश्यावृक्ष. आचार्य नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसार जीवकांडा'त हा दृष्टांत येतो, आणि पाठशाळेतील प्रत्येक मुलाला तो तोंडपाठ असतो. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या झाडाजवळ येतात. एक म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, खोड तोडू. तिसऱ्याला फांद्या पुरतात, चौथ्याला डहाळ्या, पाचव्याला पिकलेली फळे. सहावा खाली पडलेली फळे वेचतो. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या, सहा रंग आणि एक झाड.

वर्गासाठी यापेक्षा योग्य विषय मला सुचत नाही. त्याची कारणे केवळ धार्मिक नाहीत. पाठशाळेची खोली ही वापरातली खोली. मुले भिंतीला टेकणार, दप्तरे आपटणार, कधी पाय लावणार. तेथे तीर्थंकर भगवंतांची प्रतिमा काढली तर आशातना होण्याचा संभव आहे, आणि त्या धाकाने मुले भिंतीजवळ जाणारच नाहीत. लेश्यावृक्षात ती अडचण नाही. दुसरे म्हणजे, हा विषय मुळातच रंगांचा आहे. आत्म्याच्या परिणामांना रंगांची नावे देणारे हे शास्त्र चित्रकलेच्या विद्यार्थ्यासमोर ठेवले की त्याला अभ्यासास मोठे दालन खुले होते. कापोत म्हणजे कबुतराचा करडा. तो काळा आणि पांढरा मिसळून होतो, की त्यात निळ्याचा अंश लागतो? शनिवारवाड्यासमोरच्या कबुतरांकडे अर्धा तास नीट पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही.

येथे एक नाजूक बाब आहे. श्वेतांबर परंपरेत तेजोलेश्या लाल आणि पद्मलेश्या पिवळी मानतात. दिगंबर परंपरेत चौथी पीत म्हणून पिवळी आणि पद्म कमळाच्या वर्णाची. आपल्या पाठशाळेत दोन्ही घरांतील मुले येतात. रंग ठरवण्याआधी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे आणि जे ठरेल ते मुलांना कारणासह सांगावे. भिंत रंगवून झाल्यावर हा वाद उद्भवू नये. (व्याख्यानात या ठिकाणी अनेकांतवादाचा दाखला देण्याचा प्रघात आहे. आपण सर्व तो जाणता, म्हणून मी तो मोह टाळतो.)

प्रत्यक्ष कामाची रीत थोडक्यात सांगतो. समजा, चित्र बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच करायचे आहे. प्रथम बारा इंच बाय सहा इंचांच्या कागदावर मूळ आराखडा करावा आणि त्यावर इंचाइंचाच्या चौकटी आखाव्यात. मोठ्या पृष्ठभागावर तितक्याच, म्हणजे बहात्तर चौकटी एकेक फुटाच्या. गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, तिसऱ्याने ओढून सोडायची, की सरळ रेघ उमटते. मुलांना हे काम रंगवण्यापेक्षाही आवडते, असा माझा अनुभव आहे. बारीक नक्षी, पाने, जांभळांचे घोस यांसाठी खाका वापरावा. कागदावर आकार काढून रेघेवर सुईने टोचे पाडायचे आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. आपले जुने चित्रकार हेच करीत.

तीस मुले असतील तर पाच-पाच जणांचे सहा गट करावेत. प्रत्येक गटाला एक वाटसरू आणि त्याच्या भोवतीचा भाग द्यावा. झाड मात्र कोणा एका गटाचे नसावे. खोड मध्ये राहील, फांद्या साऱ्या विभागांतून जातील. कसोटी लागते ती येथे. एका गटाची फांदी शेजारच्या गटाच्या हद्दीत कोठे शिरेल, तिची जाडी किती असेल, पाने कोणत्या हिरव्यात रंगवायची, हे दोन गटांनी बसून ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माझ्या पाहण्यात सामूहिक चित्रांतील भांडणे मध्यभागी कधीच होत नाहीत. ती होतात सांध्यावर. पण त्या चित्रातला उत्तम भागही पुष्कळदा सांध्यावरच सापडतो, कारण तेवढ्या भागाचा विचार दहा डोक्यांनी केलेला असतो. शिक्षकाने त्या भांडणात घाईने न्यायाधीश होऊ नये.

रंग एकदाच, मोठ्या बरण्यांत, पुरेसे कालवावेत आणि बरणीवर नाव लिहावे. दर रविवारी नवे मिश्रण केले तर प्रत्येक वेळी हिरवा वेगळा होतो आणि झाडाला ठिगळे लागतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे काम वेगळे ठेवावे. अस्तर देणे, चौकटी आखणे, रंग कालवणे आणि परांचीवर चढून वरचा भाग करणे ही त्यांची कामे. लहान मुलांना शिडीवर चढवू नये, हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. आणि एक नियम कडकपणे पाळावा. मोठ्यांनी आपला कुंचला मुलांच्या चित्रावर टेकवायचा नाही. काही चुकत असेल तर शेजारी दुसऱ्या कागदावर दाखवावे. दुरुस्ती मुलानेच करावी किंवा करू नये.

हा आग्रह मी का धरतो, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी मुलांकडून बाजाराचे मोठे चित्र करून घेतले होते. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्यवस्थापनाने एक पेंटर बोलावला आणि पाहुण्यांना बरे दिसावे म्हणून साऱ्या माणसांचे चेहरे त्याच्याकडून नव्याने करून घेतले. सकाळी मुले आली. सातवीतील एका मुलीने भाजीवालीचा चेहरा आपल्या आजीवरून काढला होता. वाकडे नाक आणि मोठे कुंकू. त्या जागी दिनदर्शिकेतल्यासारखा एक गोरा, गुळगुळीत चेहरा होता. ती रडली नाही. तिने मला फक्त विचारले, "सर, ही कोण?" पाहुण्यांनी चित्राचे कौतुक केले. त्या मुलीने मात्र पुढे वर्षभर माझ्या तासाला माणूस काढला नाही. ती भांडी, झाडे आणि घरे काढीत राहिली. आपल्या ट्रस्टला कच्चे काम भिंतीवर ठेवण्याचा धीर नसेल, तर मुलांना हात लावायला सांगूच नये, आणि सरळ छापील फलक आणावेत. फलक आणण्यात कमीपणा नाही. मुलांच्या हातून काम करवून घेऊन मग ते पुसणे मात्र मला हिंसेच्या जवळचे वाटते.

साहित्याविषयी बोलताना तर अहिंसेचा विचार अपरिहार्य आहे, आणि तो आपल्या समाजातही फार थोडे लोक करतात. रंगकामात वापरला जाणारा सरस हा जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या टेम्परा चित्रणात अंड्याचा बलक घालतात. शेलॅक लाखेच्या किड्यांपासून मिळते. रंगाऱ्यांच्या पारंपरिक ब्रशांत डुकराचे केस असतात, आणि लघुचित्रांचे नाजूक कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे. 'हस्तिदंती काळा' नावाने विकला जाणारा रंग जाळलेल्या हाडांपासून होतो. आपल्या भिंतीवर जीवदयेचा दृष्टांत काढायचा आणि तो डुकराच्या केसांनी रंगवायचा, ही विसंगती टाळता येते. नायलॉनचे कुंचले मिळतात, ॲक्रिलिक रंग व अस्तर मिळते, काळ्यासाठी काजळी चालते, बारीक कामाला बाभळीचा डिंक आहे. दुकानदाराकडे प्रत्येक वस्तूची चौकशी मुलांनीच करावी. दुकानदार थोडा वैतागेल, पण पाठशाळेतील चार तासांत जे शिकवून होत नाही ते त्या काउंटरवर होऊन जाईल.

आता भिंतीविषयी. आपल्या पेठेतील जुन्या भिंतींना ओल आहे. नदी जवळ, बांधकामे दगडविटांची आणि मातीची, त्यातून १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचे पाणी प्यालेली. पावसाळ्यानंतर लोणा वर येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. शिवाय एक कटू सत्य बोलले पाहिजे. कसब्यातील वाडे एकामागून एक पाडले जात आहेत, नव्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि २०२४ मध्ये तर आपल्या पेठेच्या नावाचे भुयारी मेट्रो स्थानकही सुरू झाले. आपली वास्तू तशीच राहील, असे कोणी लिहून देऊ शकत नाही. म्हणून मी सुचवतो की थेट भिंतीवर न रंगवता सुती कॅनव्हासवर रंगवावे. दिल्लीला त्या विद्यार्थ्यांनी कॅनव्हास भिंतीला चिकटवला. आपण तो लाकडी चौकटींवर ताणून, भिंतीपासून दोन बोटे अंतर राखून टांगावा, म्हणजे मागून हवा खेळेल. खालचा दीड फूट भाग मोकळा ठेवावा. उद्या वास्तू बदलली तर चित्र शत्रुंजयाच्या पटासारखे गुंडाळून नव्या जागी नेता येईल.

शेवटचा प्रश्न नावांचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. या कामासाठी काही उदार दात्यांनी रक्कम जाहीर केली आहे, आणि चित्राखाली संगमरवरी पाटी बसवावी अशी त्यांपैकी काहींची इच्छा आहे. दात्यांचा मान राखलाच पाहिजे. त्यांची नावे ट्रस्टच्या अहवालात, पावतीवर आणि या स्मरणिकेत यावीत. परंतु चित्राखाली फक्त ते करणाऱ्यांची नावे असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस मुले आणि सोबतचे महाविद्यालयीन विद्यार्थी, सर्वांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत, अकारविल्हे. कोणी चेहरा काढला आणि कोणी नुसती पाने भरली, असा भेद त्यात नको. शिक्षकाचे नाव लिहायचेच असेल तर तेही त्याच ओळीत, आपल्या अक्षराच्या क्रमाने. आपल्या मंदिरांतील पट काढणारे कारागीर अनामच राहिले, आणि त्यांनी त्याची खंत केली नसेल, असा युक्तिवाद माझ्यासमोर झाला आहे. मला तो पटत नाही. नाव न मागणे हा कारागिराचा गुण असेल, पण त्याचे नाव न लिहिणे हा आपला गुण होत नाही. गंगाराम तांबटाचे नाव त्या ग्रंथावर घालायला डॅनिएलला एक ओळ लागली असती.

दात्यांपैकी कोणाला हे मान्य नसेल, तर ती रक्कम नम्रपणे परत करावी लागली तरी चालेल. कापड, लाकूड आणि रंग यांचा खर्च फार नाही. मजुरी तर मुलांचीच आहे. विश्वस्तांनी यावर आपापसांत मोकळेपणाने बोलावे, आणि त्या बैठकीस पाठशाळेच्या शिक्षिकांनाही बोलवावे, ही विनंती.

कार्तिक पौर्णिमेनंतरच्या रविवारी आरंभ करावा, असे मला वाटते. हवा कोरडी असते आणि रंग लवकर वाळतो. रविवारी दोन तास धरले तर दहा-बारा रविवारांत काम होईल, कदाचित पंधरा लागतील. निर्णय अनुकूल झाला तर शिक्षिका भगिनींनी मुलांची यादी माझ्याकडे द्यावी. एका रविवारी सर्वांना भिंतीपाशी उभे करून, टाचा न उचलता प्रत्येकाचा हात किती उंच पोहोचतो, तेथे खडूने खूण करून घ्यायची आहे. आराखड्यातील झाडाच्या खालच्या फांद्या त्यानंतरच ठरवता येतील.